दोन फड, एकच उचल



जत्रेच्या रात्रीपासून सुरुवात करू. गावची जत्रा आहे. पालखी फिरून आली, नैवेद्य झाले. पै-पाहुण्यांच्या पंगती उठल्या. आपण पुरणपोळ्या लाटून लाटून खांद्यातून गेलोय. भांड्यांचा ढीग पडलाय. आणि गावाच्या कडेला, वावरात, ढोलकीवर थाप पडते. घरातली गडीमाणसं फेटे सावरत निघतात. जाताना एखादा म्हणतो, "आम्ही जरा तमाशाकडं जाऊन येतो."

आपण घरी. "ते बायांनी बघायचं नसतं," हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. आवाज मात्र कानावर येतोच. ढोलकी, हलगी, तुणतुणं, आणि मधूनच एका बाईचा चढा सूर. भांडी घासता घासता आपण तो ऐकतो. मनात येतं, कोण असेल ही? कशी दिसत असेल? कुणाच्या मनात थोडा रागही येतो. आपला नवरा तिला बघायला गेलाय ना.

त्या रात्री गावात दोन बाया जागत असतात. एक खरकटी भांडी घासणारी, दुसरी पायांत चाळ बांधून नाचणारी. दोघींची कधी गाठ पडत नाही. आज मी त्या दुसऱ्या बाईविषयी बोलणार आहे. लावणीचे शब्द, तिचं देखणेपण, तिच्यातला शृंगार आणि प्रेम यांविषयी पुष्कळ बोललं गेलंय. ते सगळं ज्या बाईच्या कष्टावर उभं राहिलं, त्या कष्टाचा हिशेब मात्र क्वचित मांडला जातो. तो आज थोडा मांडू.

शब्द कुणाचे, देह कुणाचा

लावणी जुनी आहे, पण ती भरभराटीला आली पेशवाईत. राम जोशी, अनंत फंदी, परशराम, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर ही शाहिरांची नावं शाळेच्या पुस्तकातही भेटतात. राम जोशी सोलापूरचे ब्राह्मण. परशराम शिंपी. होनाजी गवळी, आणि त्यांचा जोडीदार बाळा शिंपी. सगनभाऊ मुसलमान. जातीपातीच्या त्या काळात इतक्या जातींची माणसं एका कलेत आली, ही मोठीच गोष्ट म्हणायची.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. या नावांत बाई एकही नाही. आणि लावणीत बोलते कोण? बहुतेक वेळा बाईच बोलते. सजणाची वाट ती बघते, रुसते ती, लाडिक तक्रार करते ती. म्हणजे बाईच्या मनातलं म्हणून जे सांगितलं गेलं ते पुरुषांनी लिहिलं, आणि ऐकणारेही पुरुषच होते. सहा-सहा महिने मोहिमेवर असणारे शिपाई, पुण्यातले सरदार, दरबारी लोक. त्यांना बायकोनं, सखीनं आपली वाट बघावी असं वाटायचं. लावणीतली बाई त्यांच्या मनासारखी वाट बघत राहिली.

त्या काळी तमाशाच्या फडात बाई नाचत नसे. कोवळ्या वयाचा मुलगा लुगडं नेसून नाचायचा. त्याला 'नाच्या पोऱ्या' म्हणत. दरबारात आणि वाड्यांत मात्र कलावंतिणी नाचत, गात.

त्याच वाड्यांच्या मागल्या अंगाला आणखी बाया होत्या. त्यांना 'बटीक' म्हणत. बटीक म्हणजे विकत घेतलेली किंवा दंड म्हणून गुलामीत टाकलेली बाई. पेशवाईच्या कागदपत्रांत त्यांची नोंद सापडते. दळण, कांडण, कोठारातली कामं, गोठ्यातली कामं त्यांच्याकडं. त्यांची खरेदी-विक्री व्हायची. यांतल्याच काहींना नाचगाणं शिकवून नाटकशाळेत ठेवलं जाई. इतिहासाच्या पुस्तकात आपण वाड्याचा दिवाणखाना बघतो. झुंबरं, अत्तरदाणी, लावणीची मैफल. पण त्या दिवाणखान्याच्या भिंतीपलीकडं दळणारी बाई आणि दिवाणखान्यात नाचणारी बाई, दोघींवर मालकी एकाचीच होती.

पवळा

पुढं इंग्रजी राज्य आलं. दरबार गेले, शाहिरांचा आश्रय गेला. तमाशा गावोगाव हिंडून पोट भरू लागला. मुंबईत गिरण्या निघाल्या, गावाकडचे गडी तिकडं गेले, त्यांच्या मागोमाग तमाशाही मुंबईला गेला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तमाशाच्या बोर्डावर बाई उभी राहिली.

त्या पहिल्या बायांत सगळ्यांत गाजलेलं नाव पवळा. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा इथली, महार समाजातली. तिच्याबरोबर नाव येतं पठ्ठे बापूरावांचं. ते मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. वतन सोडून, जात सोडून ते तमाशात आले. त्यांनी लिहायचं आणि पवळेनं उभं करायचं. ही जोडी महाराष्ट्रभर गाजली. बापूरावांचा जन्म १८६६चा, मृत्यू १९४५चा. त्यांच्यावर पुस्तकं निघाली, १९५०मध्ये सिनेमाही निघाला. पवळेच्या वाट्याला काय आलं? तिच्या रूपाच्या आख्यायिका. ती किती देखणी होती, तिला बघायला कशी झुंबड उडायची, एवढंच. तिनं गळा कसा तयार केला, तालाला पाय कुणाकडून शिकली, दिवसाला किती खेळ करायची, तिच्या हातात पैसा किती पडायचा, याच्या गोष्टी कुणी जपून ठेवल्या नाहीत.

याच काळातली एक घटना सांगते. महाडच्या चवदार तळ्याच्या लढ्याचे दिवस होते, १९२७ सालचे. चळवळीला पैसा हवा होता. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. महारांच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा आपल्याला नको, ही त्यांची भूमिका होती. पैशाची गरज असताना हा नकार सोपा नव्हता. कलेच्या नावाखाली कोणत्या जातीच्या बाईला बोर्डावर उभं केलं जातं, आणि शिट्ट्या वाजवायला समोर कोण बसतं, हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला.

तो प्रश्न आजही जुना झालेला नाही. तमाशातल्या बहुतेक बाया महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आल्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ व्हायचा, त्यांचा नाच मात्र चालायचा. महाराष्ट्रातच जन्मलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित बायांवर अभ्यास करून २०२२मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी हाच धागा पकडलाय. 'अश्लील' हा शिक्का नाचणाऱ्या बाईवर बसतो, नाच मागणारा मात्र त्यातून सुटतो.

पण गोष्ट इथंच संपत नाही. बापूराव देणार होते, बाबासाहेबांनी नाकारलं. दोन मोठ्या माणसांच्या या गोष्टीत पवळा स्वतः बोलताना दिसत नाही. पैसा तिच्या पायांनी मिळवलेला होता, तरीही.

एका खेळामागं काय काय असतं

आता तमाशाच्या कामाकडं कामासारखं बघू. जसं आपण खुरपणी, कापणी, मळणी एकेक करून सांगतो, तसं.

तमाशाचे दोन प्रकार. एक ढोलकी फडाचा तमाशा. मोठा तंबू, ट्रक, पन्नास-शंभर माणसं, आणि रोज नवं गाव. आधी गण, मग गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे नाटक. दुसरा प्रकार संगीत बारीचा. यात बायांचे गट एका थिएटरात मुक्काम करून राहतात. जामखेड, मोडनिंब, चौफुला ही नावं तुम्ही ऐकली असतील. तिथं लोक येतात, फर्माईश करतात, दौलतजादा करतात, म्हणजे गाण्यावर खूश होऊन पैसे देतात. जमलेल्या पैशात थिएटरमालकाचा वाटा, वाजवणाऱ्यांचा वाटा, आणि उरेल ते बायांचं.

फडातल्या बाईचा दिवस बघा. खेळ रात्री सुरू होतो, पहाटेपर्यंत चालतो. पहाटे तंबू उतरवायचा, सामान ट्रकमध्ये भरायचं. ट्रकमध्येच बिछान्यांच्या वळकट्यांवर पडायचं, लेकरू कुशीत घ्यायचं. दुसरं गाव आलं की उतरायचं. तीन दगडांची चूल मांडायची. पाणी कुठं मिळतंय ते बघायचं. आंघोळीला आडोसा नाही, संडासाची सोय नाही. पाळीच्या दिवसांत काय करायचं, हे कुणाला विचारायची सोय नाही. दुपारी थोडी झोप लागली तर लागली. संध्याकाळी पुन्हा तोंडाला रंग.

मग ते नेसणं. नऊवारी घट्ट काढलेली, कमरेला आवळलेली, की चार तास उड्या मारल्या, गिरक्या घेतल्या तरी एक निरी हलू नये. अंबाडा, गजरा, दागिने. आणि पायांत चाळ. प्रेक्षकाला चाळाचा नाद ऐकू येतो, बाईला त्याचं वजन कळतं. शेकडो घुंगरं पट्ट्यात ओवलेली, किलोंच्या हिशेबातलं ओझं. घोट्याला काचू नये म्हणून आत फडकं गुंडाळायचं, तरी कातडी सोलते, घट्टे पडतात. हे ओझं घेऊन ढोलकीच्या बोलाशी एकेक पाऊल जुळवायचं. जरा चुकलं तर ढोलकीवाल्याला कळतं, आणि जाणत्या प्रेक्षकालाही.

हे एका दिवसात येत नाही. सात-आठ वर्षांची पोर असल्यापासून शिकवणी सुरू. आई, मावशी, आजी शिकवतात. पदन्यास, गळा, हात, डोळे. बसून करायची लावणी तर आणखी अवघड. नाच नाही, उडी नाही. बसल्या जागी फक्त चेहऱ्यानं, बोटांनी, पदराच्या टोकानं सांगायचं. लावणीची एकच ओळ पुनःपुन्हा घ्यायची आणि दर वेळी तिचा वेगळा अर्थ दाखवायचा. कधी राग, कधी थट्टा, कधी विनवणी, कधी दुखावलेपण. याला 'अदा' म्हणतात.

आता मला सांगा, कागदावर शाहिरानं एक ओळ लिहिली, बाईनं तिचे दहा अर्थ केले. मग त्या लावणीची कवी कोण? कागदावर एकाच माणसाचं नाव राहिलं. ते दहा अर्थ बाईच्या डोळ्यांत होते. ती बाई म्हातारी झाली, गेली, आणि अर्थही तिच्याबरोबर गेले.

यमुनाबाई

ज्यांच्याबरोबर ते सगळंच गेलं नाही, अशा एक यमुनाबाई वाईकर. जन्म ३१ डिसेंबर १९१५चा, सातारा जिल्ह्यातला, कोल्हाटी समाजातला. रस्त्यावर खेळ करून पोट भरणारं घर. तिथून त्या बैठकीच्या लावणीत अशा पोचल्या की १९७७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढं २०१२मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा त्यांचं वय होतं ९६ वर्षं. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या १०३व्या वर्षी त्या गेल्या.

आनंदाचीच गोष्ट आहे. पण ९६व्या वर्षी! बाईच्या कष्टाची पावती मिळायला किती उशीर लागतो, ते यातून कळतं.

विठाबाईंची ती रात्र

दुसरं नाव तुम्हाला सगळ्यांना माहीत असेल. विठाबाई नारायणगावकर. जन्म १९३५चा, पंढरपूरचा. घरात तमाशा आजोबांपासूनचा. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेल्या या कलावतीची एक गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते.

विठाबाईंना दिवस भरलेले होते. तरी त्या बोर्डावर होत्या. नाचताना कळा सुरू झाल्या. त्या तंबूच्या मागं गेल्या, तिथंच बाळंत झाल्या. दगडानं ठेचून नाळ तोडली. बाळ बाजूला दिलं, लुगडं सावरलं, आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. समोर लोक खोळंबले होते. काय झालंय हे कळल्यावर त्याच लोकांनी हात जोडले आणि बाईला आराम करायला सांगितलं.

ही गोष्ट सांगताना लोकांचा ऊर भरून येतो. कलेवरची निष्ठा म्हणतात, धाडस म्हणतात. धाडस होतंच. पण आपण बाया आहोत, आपल्यातल्या बहुतेकींनी बाळंतपण भोगलंय. म्हणून आपण वेगळा प्रश्न विचारू शकतो. तिला परत बोर्डावर का जावं लागलं?

कारण सुपारी घेतलेली होती. गावाकडून पैसे घेतले की खेळ पुरा करावाच लागतो. खेळ मोडला तर लोक दंगा करतात, तंबूवर दगड पडतात. मोडलेल्या खेळाचे पैसे बुडतात आणि त्या पैशांवर पन्नास माणसांची चूल असते. भरल्या दिवसांत घरी बसायची मुभा नव्हती, कारण नायिका बसली तर फड बसतो. देशात १९६१ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. २०१७पासून ती रजा २६ आठवड्यांची झाली. कचेरीतल्या बाईला तिचा आधार मिळाला, ते चांगलंच झालं. पण तंबूतल्या बाईपर्यंत तो कायदा पोचला नाही. उसाच्या फडातल्या बाईपर्यंतही नाही.

विठाबाई १५ जानेवारी २००२ला गेल्या. उतारवयात पैशाची चणचण त्यांना सोसावी लागली. त्या गेल्यावर राज्य सरकारनं त्यांच्या नावानं तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार मोठाच आहे. हयातीत औषधपाण्याला मिळालं असतं, तर ते आणखी मोठं झालं असतं.

ऊसाचा फड, तमाशाचा फड

बोलता बोलता मी 'उसाचा फड' म्हणाले. आपल्या भाषेनं हा शब्द दोन्हीकडं वापरलाय, तो उगाच नाही. तमाशाचा हंगाम सुरू होतो दसऱ्याला आणि उठतो बुद्धपौर्णिमेच्या सुमारास. ऊसतोडीचा हंगामही त्याच दिवसांतला. दोन्हीकडच्या बाया दसऱ्या-दिवाळीला घर सोडतात, उन्हाळ्यात परत येतात. दोन्हीकडं लेकरं बरोबर न्यावी लागतात नाहीतर म्हातारीजवळ ठेवावी लागतात. शाळा बुडते ती बुडतेच.

आणि दोन्हीकडं एक शब्द सारखा आहे, 'उचल'. ऊसतोडीला मुकादम उचल देतो. हंगामाआधी पैसे घ्यायचे, मग काम करून फेडायचे. पावसाळ्यात घरात खायला नसतं, कुणाचं लग्न असतं, कुणाचं दुखणं असतं, म्हणून उचल. तमाशातही तेच. कलाकार फडमालकाकडून उचल घेतो. फडमालक तरी कुठं सुखी? तो सावकाराकडून घेतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पुढारी मंडळी तिथं येऊन जत्रेसाठी सुपारी ठरवतात. त्या चार दिवसांवर वर्षाचं गणित बसतं किंवा फसतं.

२०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी करोनामुळं जत्रा बंद झाल्या. उचल डोक्यावर तशीच, आणि खेळ एकही नाही. ज्यांच्या अदांवर लोक नोटा उधळायचे त्या बाया रोजगाराला गेल्या. कुणी खुरपायला, कुणी भांडी घासायला. तेव्हा जत्रेच्या रात्रीच्या त्या दोन बाया एकाच कामावर आल्या.

प्रेम कुणाच्या वाट्याला

लावणीचा विषय प्रेम. मग त्या गाणाऱ्या बाईच्या वाट्याला प्रेम किती आलं?

कोल्हाटी समाजात रीत अशी होती, की जी मुलगी नाचून कमावते तिचं लग्न करायचं नाही. तिच्या कमाईवर आईबाप, भाऊ, भावजया, भाचरं जगायची. तिच्या आयुष्यात एखादा 'मालक' यायचा, पैसेवाला, गावाकडं बायकापोरं असलेला. तो वर्ष-दोन वर्षं राहायचा, मग निघून जायचा. मुलं आईच्या पदरात. मालमत्तेत हक्क नाही, नावापुढं बापाचं नाव नाही.

अशाच एका आईच्या मुलानं हे सगळं लिहून ठेवलं. डॉ. किशोर शांताबाई काळे. त्यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनानं १९९४मध्ये महाराष्ट्राला हलवलं. नावातच बघा, बापाच्या जागी आईचं नाव आहे. हालअपेष्टा सोसून हा मुलगा डॉक्टर झाला. २००७ साली अपघातात गेला. पण आपल्या आईच्या पायांतल्या चाळांवर किती जणांची पोटं भरली आणि आईच्या हाती काय उरलं, हे त्यानं लपवलं नाही.

म्हणजे बघा. रोज रात्री शेकडो लोकांसमोर जी प्रेमाचं गाणं गायची, तिला स्वतः प्रेम करायची मुभा नव्हती. तिचं प्रेम हेच कामाचा भाग झालेलं. समोरच्या दारू प्यालेल्या माणसाकडंही हसून बघायचं. तो काही घाण बोलला तर ते लाडात उडवून लावायचं. पोटचं पोर तापानं फणफणलेलं असताना नखरा करायचा. हेही कष्टच आहेत. पाठ मोडली तर दिसते. मन रोज असं वाकवावं लागलं तर त्याचं दुखणं कुणाला दिसत नाही.

आणि आपल्या मनात तिचं चित्र काय असतं? घर फोडणारी. १९७२मध्ये 'पिंजरा' सिनेमा आला, गाणी गावोगाव वाजली. गोष्ट काय, तर तत्त्वाचा पक्का मास्तर तमाशातल्या बाईपायी वाया जातो. ते चित्र लोकांच्या मनात बसलं. मास्तर आपल्या पायांनी चालत गेला होता, हे आपण विसरतो. घरातला माणूस तमाशात पैसे उधळून आला तर आपला राग तिच्यावर निघतो. उधळणारा हात घरचाच असतो.

मी असं म्हणत नाही, की तमाशा म्हणजे नुसतं रडगाणं. तसं म्हटलं तर त्याच बायांना आवडणार नाही. आपल्या अदेचा, आपल्या गळ्याचा त्यांना अभिमान असतो. फड चालवणाऱ्या बायाही झाल्या. विठाबाईंची लेक मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा करून वर्षानुवर्षं चालवला. शंभर माणसांचा पसारा, ट्रक, तंबू, हिशेब, पोलीस परवाना, गावकऱ्यांची समजूत. आपल्याला बचत गटाची एक बैठक चालवताना घाम फुटतो, तिथं ही बाई रोज एक गाव उभं करायची आणि मोडायची. म्हणून दया नको. कामगाराला जे द्यायचं ते तिला द्यावं. दाम, सुरक्षितता, म्हातारपणी आधार, आणि मान.

आपण काय करू शकतो

आता आपल्या कष्टाकडं या. २०२४ साली केंद्र सरकारनं वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला त्यावर सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं त्यात दिसलं. म्हणजे बायांचे जवळजवळ पाच तास, बिनपगारी. आपण म्हणतो, आमच्या कामाला कुणी काम म्हणत नाही, 'घरीच असते' म्हणतात. अगदी खरं. पण मग तमाशातल्या बाईला 'नुसती नाचते' म्हणणारे आपणच असू, तर आपली तक्रार अर्धी राहते. 'घरीच असते' आणि 'नुसती नाचते' ही एकाच तोंडची दोन वाक्यं आहेत.

आपल्याला 'गरती' म्हणायचं आणि तिला 'नाची', अशी फाळणी कुणीतरी केली. त्यामुळं झालं काय? गरतीला हसायची, गायची चोरी झाली. नाचीला लग्नाची, घराची चोरी झाली. दोघींचं एकेक अंग कापून घेतलं.

करता येण्यासारख्या दोन-तीन गोष्टी सांगते आणि थांबते. तुमच्या भागात तमाशातून बसलेल्या म्हाताऱ्या कलावती असतील. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. पण अर्ज, दाखले, कला केल्याचे पुरावे गोळा करताना अशा बाया थकतात. आपल्या गटात कागदपत्रांची जाण असलेल्या बाया आहेत. एकीनं जरी हात दिला तरी काम होतं.

जत्रेला फड आला तर ग्रामपंचायतीला विचारा, बायांच्या उतरायच्या जागी पाणी आहे का, संडास आहे का, दिवा आहे का. सुपारी देताना गाव हौसेनं मोजून देतं. दोन फिरते संडास उभे करायला मोठा खर्च येत नाही.

आणि तिसरं. कधी दुपारी एखादी मावशी त्या तंबूतून तुमच्या हापशावर पाणी भरायला आली, तर कळशी खाली ठेवून दोन शब्द बोला. गाव कुठलं, लेकरं किती, पायाला हे काय लागलंय. इतक्या वर्षांत जत्रेच्या रात्री आपली गाठ पडली नाही. दिवसा तरी पडू द्या.



गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. तुमच्या गावात जत्रेच्या दिवशी बायांची कामं कोणती आणि पुरुषांची कोणती? दोन्हींचे तास मोजून बघा.

२. 'उचल' घेऊन कराव्या लागणाऱ्या कामांची यादी करा. त्यात बायांच्या हातात पैसा कधी येतो, येतो का?

३. तमाशातल्या बाईविषयी तुम्ही लहानपणी काय ऐकलं होतं? ते कुणी सांगितलं होतं?